काट्यापाशी उभा असलेला माणूस

नमस्कार श्रोते हो. आज बोलायचंय गरीब देशांच्या कर्जमाफीवर, त्यातल्या खासगी सावकारांवर. पण आधी अमळनेर तालुक्यात, माझ्या मामाकडे जाऊ.

बोंडअळीच्या साली मामाचा कापूस गेला. घेणेकरी तिघं: विकास सोसायटी, चोपड्याचे व्याही आणि बी-खतवाला दुकानदार. सोसायटीनं हप्ते पुढे ढकलले. व्याही भरीत-पुरी जेवून म्हणाले, "पुढच्या वेचणीला बघू." (भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवरच भाजावं. गॅसवरच्याला मी भरीत म्हणत नाही.) दुकानदारानंही मान हलवली, पण महिन्याभरात त्यानं मामाची 40 हजारांची उधारी गावातल्याच एकाला 8 हजारांत विकली!

पुढच्या वर्षी कापसाची गाडी जिनिंगच्या काट्यावर चढली, तर हा बुवा काट्यापाशी उभा. हातात वही, मागणी व्याजासकट 60 हजार. मामा म्हणाला, "तू माले कवय पैसा दिन्हात रे भो?" (मला तू कधी पैसे दिलेस रे?) पण चार लोकांत तमाशा नको, म्हणून 35 हजारांवर तुटलं. व्याह्यांना कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आम्ही थांबलो ते कोणासाठी?"

हा प्रश्न लक्षात ठेवा श्रोते हो. आम्ही थांबलो ते कोणासाठी?

आफ्रिकेतल्या झांबियाचं असंच झालं. 1979 मध्ये रुमानियानं त्याला ट्रॅक्टर वगैरेंसाठी सुमारे दीड कोटी डॉलर उधार दिले. ते थकले. 1999 मध्ये एका खासगी कंपनीनं ती उधारी 33 लाखांच्या आसपास विकत घेतली आणि मागितले साडेपाच कोटी. 2005 मध्ये इतर सरकारांनी झांबियाला मोठी माफी दिली. 2007 मध्ये लंडनच्या न्यायालयानं या कंपनीला दीड कोटीहून जास्त देवविले. अशांना गिधाड फंड म्हणतात. खरी गिधाडं तर जनावरांच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं जवळजवळ संपवली, त्यावर एकदा वेगळं बोलेन.

2010 मध्ये ब्रिटननं कायदा करून अशा वसुलीला चाप लावला. कोरोनात जी-20 या बड्या अर्थव्यवस्थांच्या गटातल्या देशांनी गरीब देशांचे हप्ते थांबवले, खासगीवाल्यांना मात्र विनंती केली. नुसती विनंती. जवळजवळ कोणी आलं नाही. 2020 च्या नोव्हेंबरात झांबियाचा हप्ता चुकला. रोखेधारकांशी, म्हणजे खासगी घेणेकऱ्यांशी, ठरलेली तडजोड 2023 मध्ये सरकारी घेणेकऱ्यांनी अडवली: आम्ही सोडलं तेवढं हे सोडत नाहीत! ती मिटायला 2024 चा जून उजाडला.

समोरून हात दाखवतायत. मामातच वेळ गेला. नमस्कार.