मुलांच्या घड्याळावर बेतलेली शहरसहल

लहान मुलांना घेऊन दोन-तीन दिवसांसाठी एखाद्या महानगरात जायचे ठरले की बहुतेक घरांत आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी तयार होते, आणि माझ्या मते बेत बिघडायला तिथूनच सुरुवात होते. यादीच्या आधी तास मोजावेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास लागते, आणि गाव बदलले म्हणून ही गरज कमी होत नाही. झोप, आवराआवर, खाणेपिणे आणि शहरात इकडून तिकडे जाणे एवढे वजा केले, तर पूर्ण दिवसातून सहा-सात तास उरतात. त्यांतही मूल मनापासून काही पाहील असे तास निम्मेच. शिवाय पहिला दिवस पोहोचण्यात आणि शेवटचा निघण्यात बराचसा जातो.

म्हणून दिवसाला एकच मुख्य ठिकाण ठेवावे, तेही सकाळी, आणि दुपारनंतर जे घडेल ते वरकड समजावे. हे ठिकाण संग्रहालय असेल तर विशेष काळजी घ्यावी. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर लेख लिहिला आणि वस्तू नीट दिसावी म्हणून प्रेक्षकाला किती वाकावे, वळावे लागते हे छायाचित्रांतून दाखवले. त्यांच्यापुढे मोठी माणसे होती; मुलांची अडचण उलटी असते. मोठ्यांच्या उंचीला लावलेली कपाटे पाहण्यासाठी त्यांना सतत टाचा उंचवाव्या लागतात, आणि तासाभराने ‘घरी कधी जायचे’ असे विचारणारे मूल कंटाळलेले नसून दमलेले असते. दोन-तीन दालने आधीच निवडून, ती पाहून झाल्यावर निर्धास्तपणे बाहेर पडावे. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करण्याचा हट्ट हा मोठ्यांचा रोग आहे.

ते ठिकाण त्या दिवशी उघडे आहे ना, हे मात्र निघण्यापूर्वी पाहायलाच हवे. एकाच शहरातील संस्थांची सुटी एकाच वारी असते असे नाही : पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असते आणि ऑर्से संग्रहालय सोमवारी. दोन दिवसांच्या मुक्कामात ही चूक भरून काढायला तिसरा दिवस नसतो.

मुक्कामाच्या जागेबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. शहराच्या कडेला मिळणारी ऐसपैस खोली आणि मध्यभागातली लहान खोली यांत निवड करायची असेल, तर लहान खोली घ्यावी. कारण दुपारी तासभर परतून मुलांना आडवे होऊ देता आले, तर संध्याकाळ पुन्हा हाती येते. खोली लांब असेल तर कोणी परतत नाही आणि झोपलेले मूल कडेवर घेऊन उरलेले शहर पाहावे लागते.

शहरातला प्रवास हा दोन स्थळांमधला वाया गेलेला वेळ आहे, असे मुलांना मुळीच वाटत नाही. मेट्रोचा पहिला डबा, नदीवरची बोट, दुमजली बस हीच कित्येकदा त्यांची खरी सहल असते, तेव्हा ती गर्दीच्या वेळा टाळून करावी. बाबागाडी नेणार असाल तर वाटेतल्या स्थानकांवर लिफ्ट आहे का ते आधी तपासावे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासून चालू आहे, पण तिच्या अनेक स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांवाचून जाता येत नाही. आणि बाबागाडीत मूल बसवून सरकत्या जिन्यावर चढणे धोक्याचेच.

चुकामूक झाली तर काय करायचे, हे निघण्यापूर्वी मुलांकडून दोन-तीनदा वदवून घ्यावे. रस्त्यात हात सुटला तर जिथे आहोत तिथेच थांबायचे. गाडीचे दार बंद होऊन एखादे मूल आत राहिले, तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरच उभे राहायचे आणि मोठ्यांनी मागच्या गाडीने तिथे पोहोचायचे. रोज सकाळी, त्या दिवशीच्या कपड्यांत, मुलांचा एक फोटो काढून ठेवावा; घाबरलेल्या पालकाला सदऱ्याचा रंग आठवत नाही. आपला दूरध्वनी क्रमांक मुलाच्या मनगटावर किंवा खिशातल्या चिठ्ठीवर असावा, पण नाव बाहेरून वाचता येईल असे लिहू नये.

परतीच्या दिवशी खोली सोडण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत चार-पाच तासांची पोकळी राहते. सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून घेतील का, हे आरक्षण करतानाच विचारावे, आणि हे तास पायी पोहोचता येईल अशा एखाद्या मोठ्या बागेसाठी राखावेत, म्हणजे लांबच्या प्रवासाला बसण्यापूर्वी मुलांना मनसोक्त धावून घेता येते.