आधी सतरंजीएवढी जागा द्या

(पुण्यात प्राध्यापकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन व्यायाम आणि ध्यान कसं राबवावं’. त्याकडे येतोच. पण आधी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चला. कॉट बेसिसवरची खोली. चार कॉट, चार पेट्या, दोरीवर ओले कपडे आणि मधे एका माणसापुरती वाट. इथे सूर्यनमस्कार घालून दाखवा. चौथ्या स्थितीत पाय मागे नेला की तो शेजारच्याच्या पेटीवर! (हशा)

हसलात, पण अशाच एका खोलीत माझी एक विद्यार्थिनी राहायची. लातूरकडची, हुशार पोर. तिच्या कॉलेजनं सकाळी सहाचा ऑनलाइन योगवर्ग सुरू केला. खोलीतल्या बाकीच्या मुली रात्रभर अभ्यासिकेत बसून नुकत्याच झोपलेल्या. म्हणून ही फोन घेऊन जिन्याच्या वळणावर गेली. घरमालकीण काकू म्हणाल्या, ‘‘जिन्यात हे काय चाललंय?’’ गच्चीला कुलूप. शेवटी ती कॉटवर पांघरूण घेऊन, कॅमेरा बंद करून पडून राहायची. हजेरी पूर्ण भरली, प्रमाणपत्र मिळालं. कॉलेजच्या अहवालात उपक्रम यशस्वी झाला. त्या पोरीची पाठ मात्र तेव्हाही दुखत होती, परीक्षेची धास्ती तशीच होती आणि आपलंच चुकतंय असं तिला वाटत होतं. मला याचा फार राग येतो. आपण म्हणतो ‘घरून करा’. अहो, तिचं घर लातूरला आहे!

आणि हे कुठे घडतंय? योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये ज्या शहरात योग शिकवायला आले, त्या पुण्यात. खुर्ची, पट्टा, भिंत यांच्या आधारानं कुणालाही आसन करता यावं, ही दृष्टी त्यांनी इथूनच जगाला दिली. शरीर आणि जागा जशी असेल तिथून सुरुवात करायची. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम ही योगसंस्था उभी राहिली, तिथे स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहिला. आपण काय मोजतो? स्क्रीनशॉट.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्द्याचं बोलतो.

वर्ग ऑनलाइन असू द्या, जमीन कॉलेजनं द्यावी. सकाळी दोन तास सभागृह उघडा, पडद्यावर शिक्षक दाखवा, खाली सतरंज्या अंथरा. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी कॉटच्या कडेवर बसून करता येईल असा वीस मिनिटांचा वेगळा पाठ बसवा. तिसरी सोय टेकडीची. नुसता आवाज कानात, पाय हनुमान टेकडीवर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितलाय. रोज अर्धा तास झपाझप चाललं तर पाच दिवसांत किमान मर्यादा गाठली.

ध्यानाचं थोडं वेगळं आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेला ध्यानाचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. केंब्रिज विद्यापीठात सहाशेवर विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे ध्यानाचे वर्ग केलेल्यांना परीक्षेच्या काळात मानसिक त्रास कमी जाणवला. पण ते आपणहून आलेले होते, आणि वर्ग समोरासमोर होते. उलट ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांवर मुलांच्या चाचणीत वर्गातल्या सगळ्यांनाच ध्यान शिकवलं; 2022 च्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून सक्ती नको, हजेरी नको, गुण तर नकोतच. आणि सुरुवात सत्राच्या पहिल्या आठवड्यात करा. परीक्षेच्या तोंडावर श्वास मोजायला बसवून काय होणार?

डोळे मिटल्यावर एखाद्याची घालमेल वाढते. त्याला डोळे उघडायला सांगा, थांबू द्या. योगशिक्षकानं समुपदेशक व्हायला जाऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. तो मोफत आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीतही बोलता येतं.

प्राचार्य समोरच बसलेत. सर, सभागृहाची किल्ली सकाळी कुणाकडे असते, ते आज इथेच ठरवूया.