जू दोउच्या हौदातला लाल रंग

उंच भिंतींमधल्या चौकात लाल-पिवळे ताजे रंगवलेले तागे वरपासून खालपर्यंत वाळत टांगलेले आहेत. १९९० सालच्या ‘जू दोउ’ या चिनी चित्रपटातला हा रंगारखाना आहे आणि कथा आहे १९२० च्या दशकातल्या एका खेड्यातली.

वंशाला दिवा हवा म्हणून म्हातारा रंगारी यांग जिनशान पैसे मोजून तरुण जू दोउला बायको करून आणतो आणि रात्री तिचा छळ करतो. त्याच घरात राबणारा त्याचा मानलेला पुतण्या तियानचिंग तिला न्हाताना भिंतीच्या फटीतून पाहतो. हे लक्षात आल्यावर ती आधी फट बुजवते. पुढे मात्र त्याच फटीकडे वळून अंगावरचे वळ त्याला दिसू देते. चोरून पाहणाऱ्याला साक्षीदार करणारे हे दृश्य मला चित्रपटातले सर्वांत धीट दृश्य वाटते.

चुलती आणि पुतण्या यांच्यातले हे नाते कोणाजवळ बोलून दाखवता येण्यासारखे नाही, म्हणून दिग्दर्शक झांग यिमोउ ते काम रंगांवर सोपवतात. दोघे प्रथम जवळ येतात तेव्हा जू दोउच्या पायाचा धक्का लागून अडणी निसटते आणि लाल कापड सरसरत हौदात उतरत जाते. पुढे म्हातारा हौदात बुडून मरतो. त्याच्या अंत्ययात्रेत रीतीप्रमाणे या दोघांनाच शवपेटीची वाट ४९ वेळा अडवून आक्रोश करावा लागतो.

झांग तरुणपणी कापड गिरणीत कामगार होते आणि दिग्दर्शनाआधी छायालेखक होते, हे इथे आठवते. चित्रपटाचे रंगही एका अर्थाने रंगाऱ्याचेच आहेत. अमेरिकेने १९७० च्या दशकात सोडून दिलेली टेक्निकलरची, म्हणजे चित्रफितीवर रंग छापण्याची जुनी पद्धत बीजिंगमध्ये तेव्हाही चालू होती. तीत तीन साचेफिती वेगवेगळ्या रंगांत भिजवून कोऱ्या फितीवर एकामागून एक दाबल्या जातात. हौदातून निथळत वर येणाऱ्या ताग्याचा लाल इतका दाट दिसतो, तो या पद्धतीमुळे.

उत्कृष्ट परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला चिनी चित्रपट. मायदेशात मात्र त्यावर १९९२ पर्यंत बंदी होती.

शेवटी तियानचिंगलाही तोच हौद गिळतो, आणि तोही पोटच्या मुलाच्या हातून, ज्याला तो कधीच उघडपणे आपला म्हणू शकला नाही. जू दोउ मग टांगलेल्या ताग्यांना आग लावते.