इलेक्ट्रिक गाडीचं बिल नक्की कोण भरतंय?

[म्हापसा. रस्त्याकडेला रांगेत रेंटच्या गाड्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. निवेदक थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

२०२३ साली फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला ४.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्या वर्षी त्यांनी डीलरांना पाठवलेल्या इलेक्ट्रिक गाड्या होत्या साधारण १ लाख १६ हजार. करा भागाकार. गाडीमागे ४० हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने ३३ लाख रुपये. एवढ्यात आपल्याकडे दोन नेक्सॉन ईव्ही दारात उभ्या राहतात.

हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा त्याखाली एक ओळ ठरलेली असते: बघा, इलेक्ट्रिक म्हणजे बुडीत धंदा. आणि समोरून दुसरा कुणीतरी टेस्लाचा नफा तोंडावर फेकतो. दोन्ही आकडे खरे आहेत. पण नफा किती, तोटा किती, एवढंच विचारून या धंद्यातलं काही कळत नाही. हे बिल कोण भरतंय, ते बघायला लागतं.

आधी फोर्डचंच घ्या. त्या ४.७ अब्जांत नुसता गाडी बनवण्याचा खर्च नाही. पुढच्या मॉडेलांचं संशोधन, नवे प्लॅटफॉर्म म्हणजे गाड्यांचे मूळ सांगाडे, सॉफ्टवेअर, सगळं आहे, आणि ते सगळं पडलं त्या लाखभर गाड्यांच्या डोक्यावर. जुन्या कंपन्यांची अडचण ही आहे की त्यांना दोन चुली पेटत्या ठेवाव्या लागतात. इंजिन, गिअरबॉक्सचे कारखाने बंद करता येत नाहीत, कारण पगार तिथून निघतो. मोटर आणि बॅटरीचे कारखाने उभारायला तर लागतातच. फोर्डच्या पेट्रोल विभागाने आणि व्यावसायिक गाड्यांच्या विभागाने त्याच वर्षी प्रत्येकी ७ अब्ज डॉलरच्या वर कमावलं. म्हणजे इलेक्ट्रिकचं बिल पेट्रोल पिकअप घेणाऱ्याने भरलं. पण किती वर्षं? डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने इलेक्ट्रिकचे बेत आखडते घेतले आणि त्यापायी १९.५ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला.

टेस्लाची गंमत वेगळी. २०२० हे त्यांचं नफ्याचं पहिलं पूर्ण वर्ष. नफा ७२ कोटी डॉलर. आणि त्याच वर्षी प्रदूषणाचे नियम न पाळू शकलेल्या इतर कंपन्यांना क्रेडिट, म्हणजे नियमापेक्षा कमी प्रदूषण केल्याबद्दल मिळणारे गुण, विकून मिळालेले पैसे १५८ कोटी डॉलर! ते वजा केले तर नफा गायब. टेस्लाचं बिल चक्क प्रतिस्पर्ध्यांनी भरलं. मला हा भाग दरवेळी सांगायला आवडतो, कारण लोकांना तो पटतच नाही.

[स्क्रीनवर: बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव, २०१० आणि २०२४]

आता खर्चाचं मूळ, बॅटरी. २०१० च्या सुमारास एका किलोवॅट-अवरमागे, म्हणजे आपल्या वीजबिलातल्या एका युनिटएवढ्या क्षमतेमागे, ११०० डॉलरच्या वर मोजावे लागायचे. २०२४ मध्ये ब्लूमबर्ग-एनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत जागतिक सरासरी ११५ डॉलरवर आली. ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी धरली तर, २०२४ च्या डॉलरच्या भावाने, तेव्हा चाळीस लाखांच्या वर आणि २०२४ मध्ये सव्वाचार-साडेचार लाख. उतरला तरी एका सुट्या भागाचा हा खर्च मोठाच आहे. पेट्रोलच्या गाडीत एवढा महाग दुसरा भाग नसतो.

म्हणून बॅटरी ज्याच्या हातात, नफा त्याच्या हातात. चीनची बीवायडी १९९५ मध्ये सुरू झाली ती बॅटरी कंपनी म्हणून. गाड्यांत ती उतरली २००३ मध्ये. २०२४ ला त्यांचा निव्वळ नफा ४० अब्ज युआनच्या वर होता. मात्र एक गोष्ट यूट्यूबवाले सांगत नाहीत (मीही त्यातलाच): त्यांच्या त्या वर्षीच्या गाड्यांत निम्म्याहून जास्त प्लग-इन हायब्रिड होत्या, म्हणजे पेट्रोलची टाकी असलेल्या.

टाटांनी धूर्तपणे, पण थोडक्यात भागवलं. जानेवारी २०२० ची नेक्सॉन ईव्ही पेट्रोलच्याच सांगाड्यावर बसवली, नवा प्लॅटफॉर्म केला नाही. २०२१ मध्ये टीपीजी राइज क्लायमेट या गुंतवणूक फंडाकडून ७,५०० कोटी उभे केले. वर सरकारची पीएलआय म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना, २५,९३८ कोटींची, सगळ्या वाहन उद्योगासाठी. इथलं बिल गुंतवणूकदार आणि करदाता, दोघांत वाटलं गेलं. शिवाय ईव्हीवर जीएसटी ५ टक्के. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, पेट्रोल नेक्सॉन दीड लाखाच्या आसपास उतरली, आणि ईव्हीला मिळत असलेली करातली आघाडी तेवढी कमी झाली. एका झटक्यात.

[निवेदक रांगेतल्या गाडीजवळ जातो, पाटीकडे बोट]

आता आपल्या गोव्यात या. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं, जानेवारी २०२४ पासून नवीन टुरिस्ट वाहनं इलेक्ट्रिकच, रेंट-अ-कॅब (ड्रायव्हरशिवाय भाड्याने मिळणारी गाडी) आणि रेंट-अ-बाईकसुद्धा. ऐकायला छान. पण रेंट-अ-कॅबचा व्यवहार आठवा. गाडी घेताना काटा जिथे असतो, परत देताना तिथेच आणून द्यायचा. पेट्रोल कोण घालतं? दिल्ली-पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक. इलेक्ट्रिकचा खरा फायदा काय, तर किलोमीटरचा खर्च कमी. तो फायदा गेला गिऱ्हाइकाच्या खिशात. गाडी महाग घेतली मालकाने, कर्जाचा हप्ता त्याचा, आणि पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली उभी असली तरी हप्ता चुकत नाही. टॅक्सीवाल्याचं गणित याच्या नेमकं उलटं. मोपा विमानतळाहून पार काणकोणला भाडं घेऊन जाणाऱ्याचं इंधन स्वतःचं, त्यामुळे वाचलेला रुपया त्याचाच. दोघांवर एकच नियम लावणं मला तरी पटत नाही.

आणि रिसेल. हर्ट्झ, जगातल्या मोठ्या भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांपैकी एक. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी १ लाख टेस्ला घेणार म्हणून जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये वीसेक हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या आणि घसाऱ्यापोटी २४.५ कोटी डॉलर हिशेबात घातले. कारण? टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव उतरवले, मग जुन्यांना कोण विचारतो. वर अपघातानंतरची दुरुस्ती महाग. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्ही १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्ही ७० हजारांपर्यंत स्वस्त झाली, बॅटरीचे भाव पडले म्हणून. नवीन घेणारा खूश. ज्याने महिनाभर आधी घेतली, त्याने काय करायचं?

एक वाट एमजीने काढली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आली ती ९.९९ लाखांना, बॅटरी सोडून. बॅटरीचे तेव्हा किलोमीटरमागे साडेतीन रुपये वेगळे. रेंट-अ-कॅबला हे जुळू शकतं, कारण टुरिस्ट दिवसाला दोनशे किलोमीटर फिरला तर त्या दराने होणारे ७०० रुपये त्याच्याच बिलात लावता येतील. पण सही करण्याआधी शोरूममध्ये तीन गोष्टी लेखी मागा: हा करार व्यावसायिक नोंदणीला मिळतो का, पावसाळ्यात गाडी उभी राहिली तर किमान किलोमीटरचे पैसे भरावे लागतात का, आणि बॅटरीची वॉरंटी खाजगी आणि भाड्याच्या वापराला सारखीच आहे का.

तुमच्यापैकी कुणी गोव्यात इलेक्ट्रिक गाडी रेंटला लावली असेल तर दोन वर्षांनी तिला किती भाव सांगितला, तेवढं खाली कॉमेंटमध्ये लिहा. मॉडेल आणि किलोमीटरसकट. पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यांवर बसू.