फुटपाथ ते भाड्याची खोली: बेघरांच्या सेवांची जुळणी

नमस्कार. समोर महापालिकांच्या समूह संघटिका आहेत, निवारागृहांचे व्यवस्थापक आहेत, सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षकही आहेत. तेव्हा प्रस्तावना न करता थेट हिशेबालाच हात घालू.

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात २ लाख १० हजार आणि त्यांपैकी बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या वर. आता निवाऱ्याचा निकष पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेला आणि पुढे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने स्वीकारलेला निकष असा, की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची, बारा महिने चोवीस तास उघडी असलेली सोय हवी. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे निकष तंतोतंत पाळला, तरी जागा होतात १२,४००. मोजलेल्या पाचांपैकी एकालाच खाट मिळते. आणि रात्रीत केलेल्या मोजणीतून पुलाखालची, बंद दुकानांच्या फळीवरची, रात्रपाळीला गेलेली किती माणसं सुटतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

या हिशेबातून एकच गोष्ट निघते. एकाच खाटेवर एक माणूस वर्षानुवर्षं राहिला, तर बाकीच्या चौघांपर्यंत आपण कधीच पोहोचणार नाही. खाटेवरून पुढे खोलीत, घरी किंवा उपचाराच्या ठिकाणी जायची वाट तयार ठेवणं हे निवारागृहाइतकंच मोठं काम आहे. ते कोणाच्याही कामाच्या यादीत नाही, आणि माझ्या मते आपली खरी अडचण तीच आहे.

आधी रिकाम्या खाटांबद्दल. अगोदरच खाटा अपुऱ्या, त्यातही काही ओस पडलेल्या असतात. ‘या लोकांना रस्त्यावरच राहायचं असतं’ असं म्हणून विषय संपवला जातो, ते साफ चुकीचं आहे. कारणं अगदी साधी आहेत. मजूर अड्डा सकाळी सातला भरतो आणि निवारागृह शहराच्या टोकाला, बसला पैसे घालून जायचं. भाजी मंडईतला हमाल पहाटे तीनला कामावर जातो, पण दार दहाला बंद होऊन सहाला उघडतं. कचरावेचक बाईची गोणी आत घेऊ देत नाहीत, हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीला जाते. नवरा-बायकोला वेगवेगळ्या इमारतींत पाठवतात, चौदा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून पुरुषांच्या दालनात टाकतात. आणि दारात पहिला प्रश्न असतो, ‘आधार कार्ड आहे का?’ ज्याचं सगळं सामान गेल्या पावसात वाहून गेलं, तो दारातूनच माघारी फिरतो. ओळखपत्र मिळवून देणं हे निवारागृहाचं काम आहे, प्रवेशाची अट नव्हे. कुलूप लागणारा लोखंडी कप्पा, गाडी बांधायला एक कडी आणि रात्री दार उघडणारा माणूस, एवढ्याने बऱ्याच खाटा भरतात. व्यसनी माणसाला बाहेर काढण्याआधी बघा, तो इतरांना त्रास देतोय का. नुसता वास येतो म्हणून काढलेला माणूस थंडीत मरतो.

आता चालवण्याचा खर्च. अभियानाच्या निकषांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, म्हणजे ५० जणांना अडीच हजार चौरस फूट. एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीचे तीन काळजीवाहक. आणि ५० जणांच्या निवारागृहाला देखभालीसाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. भागाकार करा. महिन्याला ५० हजार. दुसरा एक पैसाही खर्च केला नाही, तरी चार कर्मचाऱ्यांना प्रत्येकी साडेबारा हजार. यातच वीज, पाणी, साबण, गाद्या, ढेकणांची फवारणी. शिवाय तीन पाळ्यांना तीन माणसं म्हटल्यावर साप्ताहिक सुट्टीचं काय? चौथा बदली माणूस हिशेबात धरलेलाच नाही, म्हणून काळजीवाहक सलग सोळा तास बसतो, मग चिडतो, मग दार लावून झोपतो. दाराशी होणाऱ्या भांडणांचं मूळ पुष्कळदा या वेळापत्रकात असतं. राहणाऱ्यांकडून उत्पन्नाच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत शुल्क घेता येतं, पण त्यावर पगार भागत नाहीत. ज्याचं उत्पन्न नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

मग जुळणी करायची कशी? पहिलं साधन म्हणजे नावनिशीवार यादी. ‘पुलाखाली अंदाजे ४०’ अशी नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. प्रभागातली प्रत्येक व्यक्ती, तिला ज्या नावाने हाक मारतात ते नाव, झोपायची जागा, काम, सोबत कोण, तब्येत आणि तिला स्वतःला काय हवंय. रात्री दहानंतर फिरायचं, एकाच भागात निदान तीन वेगवेगळ्या रात्री, पथकात एक बाई हवीच, आणि गणवेशातला पोलीस अजिबात नको. फोटो विचारून काढायचा, नाही म्हटलं तर काढायचा नाही. जात, धर्म, गाव सोडण्याचं कारण पहिल्या भेटीत विचारायचं नाही.

पोलीस नकोत असं का म्हणतो? मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९, म्हणजे भीक मागणाऱ्याला पकडून नेण्याचा कायदा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण महाराष्ट्रात कायदा आहे. रस्त्यावरच्या माणसाला ‘गाडी’ म्हटलं की हीच धरपकड आठवते. ही यादी एकदा जरी धरपकडीसाठी वापरली गेली, तर पुढची पाच वर्षं कोणी खरं नाव सांगणार नाही. म्हणून यादी कोण बघणार हे लेखी ठरवा, आणि ज्याची नोंद त्याची संमती घ्या.

दुसरं साधन म्हणजे प्रभाग पातळीवरची साप्ताहिक बैठक. तासाभराची, ठरलेल्या दिवशी, त्याच खोलीत. समूह संघटिका, निवारागृहाचा व्यवस्थापक, आरोग्य केंद्राची परिचारिका, रुग्णालयाचा समाजसेवा अधीक्षक, रस्त्यावर काम करणारी संस्था. रेशनिंग कार्यालय आणि तहसील यांचा माणूस दर आठवड्याला येणार नाही, त्याला महिन्यातून एकदा सगळी अडलेली प्रकरणं एकत्र घेऊन बोलवा. बैठकीत धोरणावर बोलायचं नाही. प्रत्येक नावापुढे पुढचं एकच पाऊल, ते करणारी एकच व्यक्ती आणि एकच तारीख. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हा शेरा लिहू देऊ नका.

कागदपत्रांचा क्रम हा सगळ्यात चिवट भाग, म्हणून तो जरा खोलात सांगतो. सुरुवात आधारपासून. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाला आधार प्राधिकरणाच्या नमुन्यात प्रमाणपत्र देता येतं, त्यावर नोंदणी होते आणि निवारागृहाचा पत्ता लागतो. पण त्याआधी नीट विचारा, की पूर्वी कधी, गावी, शाळेत, कंत्राटदाराने ठसे घेतले होते का. रस्त्यावरच्या अनेकांचं आधार निघालेलं असतं, फक्त हरवलेलं असतं. नवीन नोंदणी केली की जुने ठसे जुळतात, अर्ज फेटाळला जातो, आणि ते कळेपर्यंत महिने जातात. अशा वेळी आधार केंद्रात जुना क्रमांक शोधून घ्या. सिमेंट आणि विटांच्या कामाने ठसे झिजलेले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवायला सांगा. क्रमांक हाती आला की लगेच चालू मोबाइल जोडायचा, आणि तो मोबाइल मुकादमाचा नसावा.

मग जनधन खातं. खातं उघडलं म्हणजे काम झालं असं नाही. शासकीय अनुदान थेट जमा व्हायला ते खातं आधारशी संलग्न व्हावं लागतं, आणि जुनं एखादं खातं गावच्या बँकेत संलग्न असेल तर पैसे तिकडे जातात. बँकेतून उठण्यापूर्वी हे तपासा. त्यानंतर शिधापत्रिका. प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, पण निवारागृहात शिजवायची सोय नसेल तर त्या गहू-तांदळाचं करायचं काय? चार शेगड्यांचं सामाईक स्वयंपाकघर म्हणूनच लागतं. बेघराच्या मतदार नोंदणीला पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ भरा, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री येऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का हे पाहतो. त्या रात्रींना माणूस जागेवर हवा, एवढंच सांभाळा. संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० रुपये मिळतात, अपंगांना २०२५ पासून २५००. मात्र वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य या अटी आहेत. बाहेरच्या राज्यातून आलेल्या म्हाताऱ्याला ही आशा दाखवू नका. त्याच्या मूळ राज्यातली पेन्शन चालू होती का, तिथपासून सुरुवात करा.

रुग्णालयाकडे येऊ. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला सळई घालून, तीन आठवडे पाय टेकवू नको असं सांगून संध्याकाळी घरी सोडतात, आणि घर म्हणजे एसटी स्टँड. जखम चिघळते, तो परत दाखल होतो. सोडण्याच्या निदान दोन दिवस आधी निवारागृहाला फोन गेला पाहिजे. खालची खाट, जवळचं शौचालय, ड्रेसिंगचे दिवस आणि पुढच्या तपासणीची तारीख, एवढी माहिती पुरते. प्रत्येक शहरात बरे होणाऱ्या रुग्णांसाठी थोड्या खाटा वेगळ्या ठेवायलाच हव्यात. क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. माणूस काम शोधत दुसऱ्या शहरात गेला तर क्षयरुग्णांच्या नोंदीच्या ‘निक्षय’ प्रणालीत त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते. पण तो जाणार हे आधी कळायला हवं, आणि ते काळजीवाहकालाच कळतं.

मानसिक आजार असलेल्या भटक्या व्यक्तीबाबत मात्र पोलिसांची भूमिका कायद्यानेच ठरली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, कलम १००. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. हरवलेली व्यक्ती म्हणून प्राथमिक माहिती अहवाल नोंदवायचा आणि ठाणे अंमलदाराने कुटुंब शोधायचं. ठाण्यात ‘हे आमचं काम नाही’ असं उत्तर आलं तर कलमाची छापील प्रत पुढे ठेवा. कुटुंब शोधण्याचं काम किती नेटाने होऊ शकतं, हे डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवून दिलं आहे. पण घरी पाठवलं की गोळ्या पुढे कुठून मिळणार, हे त्या जिल्ह्याच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाशी बोलूनच ठरवा. ज्यांना घर उरलंच नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने चालवलेली पद्धत पाहण्यासारखी आहे. साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी, सोबत मदतनीस.

खोलीकडे जाताना अडतं ते डिपॉझिटवर. रोज सातशे-आठशे कमावणारा गवंडी भाडं भरू शकतो, पण एकरकमी वीस-पंचवीस हजार त्याच्याकडे कधीच साठत नाहीत. साठले तर रस्त्यावर चोरीला जातात. संस्थेने डिपॉझिट थेट घरमालकाला द्यावं, करारात ते संस्थेला परत मिळेल असं लिहून घ्यावं, आणि तेच पैसे पुढच्या माणसाला वापरावेत. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आणि पोलिसांकडची भाडेकरू माहिती संस्थेच्या माणसाने सोबत जाऊन करावी. दोघा-तिघांनी मिळून घेतलेली खोली स्वस्त पडते, पण जोड्या आपण लावायच्या नाहीत, ज्यांचं निवारागृहात जमलं त्यांनाच विचारायचं. पहिला महिना दर आठवड्याला भेट, मग सहा महिने भाड्याच्या तारखेच्या आधी एक फोन. खोली सुटते ती बहुधा पावसाळ्यात बांधकाम थांबल्यावर, दोन महिन्यांचं भाडं थकून. थोडी रक्कम त्यासाठीच राखून ठेवा. आणि खोली सुटलीच तर तो माणूस थेट निवारागृहात परत येऊ शकला पाहिजे, पुन्हा फुटपाथवरून सुरुवात नको.

शेवटी पैशाचा विषय, कारण त्याला मुदत आहे. अभियानाचा कालावधी ३० सप्टेंबर २०२४ ला संपला. केंद्राच्या निधीवर उभी राहिलेली निवारागृहं आता पालिकेच्या अंदाजपत्रकातल्या स्वतःच्या लेखाशीर्षात बसवावी लागतील, आणि त्या शीर्षात नुसती देखभाल न ठेवता बदली काळजीवाहक, डिपॉझिट निधी आणि भेटी देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार अशा तीन वेगळ्या ओळी मागा. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं, विभागांकडून मागण्या त्याच्या काही महिने आधी घेतल्या जातात. दिवाळीपूर्वी प्रस्ताव लेखा विभागात पोहोचला नाही, तर वर्ष गेलं असं समजा. सोबत वर्षभरात किती जण खोलीत गेले, सहा महिन्यांनी त्यांपैकी किती टिकले आणि किती परत आले, हे तीन आकडे जोडा. भरलेल्या खाटांचा आकडा लेखा विभागाकडे आधीच असतो.