भिंतीला अस्तर

मे महिना, दुपारचे दोन. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर ओळखीचा माणूस समोरून गेला तरी कळत नाही. डोकं, कान, नाक सुती दुपट्ट्यात गुंडाळलेलं, उघडे फक्त डोळे. नागपुरात पारा ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. अशा उन्हात नागपूरकर अंगावरचं कापड कमी करत नाही, वाढवतो. ऊन सुतावरच अडतं, कापड आणि कातडी यांच्या मधल्या फटीत हवा खेळते, घाम वाळतो आणि जीव थंडावतो.

आता वर्धा रोडवरच्या काचेच्या इमारती बघा. ऊन थेट काचेवर, काचेतून आत. एसीला दिवसभर उसंत नाही. या शहरात राहायला आलेली इमारत इथला साधा दुपट्टाही घेत नाही, हे आम्हाला खटकतं.

फॅशनवरून सुचलेली वास्तू म्हटली की चुण्या पाडल्यासारखा दर्शनी भाग डोळ्यांपुढे येतो. तो दिसतो छान, पण कपड्याकडून घेण्यासारखं खरं धन आहे ते त्याच्या बेतण्यात. आणि कापड हा तर नागपूरच्या रक्तातला विषय. हातमागावरचे कोष्टी, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल, आणि आजही गजबजलेली इतवारीची कापडबाजारपेठ.

गॉटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुविशारदाने १८५१ मध्ये मांडलं होतं की भिंतीचा उगम विणकामात आहे. आधी माणसाने चटया, तट्ट्या विणून आडोसा केला. दगडविटा नंतर आल्या. विदर्भात हे पटवून द्यावं लागत नाही. बुरुडाने विणलेल्या बांबूच्या तट्टीला शेणमातीने लिंपलं की कुडाची भिंत तयार.

महाल भागातल्या एखाद्या शिंप्याच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहा. समोर सपाट कापड. ब्लाऊजला तो दोन टक्स घालतो, म्हणजे तिकोनी चिमूट दाबून शिवतो, आणि सपाट कापडाला गोलाई येते. घेरदार कुर्त्यात तो कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या, जोडतो. ताणलेल्या कापडाची छतं नेमकी अशीच बेततात. छताचा आकार पट्ट्यांमध्ये वाटायचा, प्रत्येक पट्टीची कड वक्र कापायची आणि पट्ट्या जोडायच्या. पट्टी मुद्दाम किंचित लहान कापतात, कारण ताण दिला की कापड वाढतं, आणि ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेला वेगळं, बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेला वेगळं वाढतं. उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं कापड कसं लवतं हे शिंप्याला हाताने माहीत असतं. अभियंता तेच संगणकावर मोजतो. १९५५ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात फ्राय ओटो या वास्तुविशारदाने जाड सुती कापडाचा एक मंडप उभारला. दोन समोरासमोरचे कोपरे वर, दोन खाली. एका दिशेने कापड वर खेचलेलं, दुसऱ्या दिशेने खाली, म्हणून वाऱ्यात ते फडफडत नाही. हे काम त्याने तंबू बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने केलं.

निऱ्यांचंही तसंच. कागद सपाट धरला की लवतो, घड्या घातल्या की ताठ उभा राहतो. पन्हाळी पत्र्याचं बळ त्याच घड्यांत आहे.

पण नागपूरला सगळ्यात जास्त गरज आहे ती अस्तराची, म्हणजे भिंतीला दुसऱ्या थराची. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी १९९५ मध्ये टोकियोत एका घराला बाहेरून दोन मजली उंच पडदाच लावला. इथे उन्हाळ्यात दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायची रीत फार जुनी. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, म्हणून आत येणारी हवा गार लागते.

मग नव्या इमारतीला बाहेरून दुसरा थर का नसावा? पश्चिमेच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांची चौकट उभी करायची. तापेल ती तट्टी. मधली गरम हवा वरून निघून जाईल, त्यासाठी खाली आणि वर फट हवीच. बांबूला कीड लागू नये म्हणून आधी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवावं लागेल. चौकट बिजागरीवर हवी, म्हणजे पावसाळ्यात उघडून वाळवता येईल आणि थंडीत ऊन भिंतीवर घेता येईल. विणायला बुरुड हवा, बेतायला शिंपी. आराखडा काढायला बसाल तेव्हा या दोघांना पहिल्याच बैठकीला बोलवा.