झोप लागते, पण पहारा उठत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की माझ्याकडे एका तक्रारीचे पेशंट वाढतात. रात्री सर आली की जाग येते आणि हात आधी मोबाइलकडे जातो, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघायला. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीकराला पाढ्यासारखं पाठ. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

गावभागातल्या एका मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, डोळे झोपतात हो, कान झोपत नाहीत." गोळीनंही तेच. संमोहन सुचवलं, तर पदर सावरून बसल्या. "म्हणजे माझ्याकडनं काहीबाही वदवून घेणार?" हा जत्रेतल्या जादूगारांचा प्रताप!

संमोहन म्हणजे झोप नव्हे. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जननं झोपेच्या ग्रीक शब्दावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं. पुढं त्यालाच ते खटकू लागलं. माणूस जागाच असतो, लक्ष तेवढं एका जागी गोळा झालेलं. भजनात रंगलेल्याला शेजारची हाक ऐकू येत नाही, तसं.

एरवी संमोहनात मी मनातल्या मनात घाटाच्या पायऱ्या एकेक करून उतरायला सांगतो. मावशींना पाण्याकडे कसं उतरवणार? मग त्यांनीच जागा सुचवली: तासगावचं माहेर, द्राक्षाच्या मांडवाखालची सावली. श्वास संथ झाल्यावर मी एवढंच म्हणत असे, "पाऊस ऐकू येईल. कूस बदला. पुन्हा मांडवाखाली या." तेच रेकॉर्ड करून दिलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या सलग झोपू लागल्या.

सगळ्यांना असा गुण येत नाही. झ्युरिच विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात अशी ध्वनिफीत ऐकून संमोहनाला सहज प्रतिसाद देणाऱ्या तरुणींची गाढ झोप सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. इतरांना फायदा झाला नाही. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय आजही झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनचिकित्साच. संमोहन तिच्या जोडीला. आणि घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर संमोहनाच्या नादी लागूच नका, आधी झोपेची तपासणी करा. भास होत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हा प्रयोग नको.

आणखी एक. हे रेकॉर्डिंग गाडी चालवताना लावायचं नाही. हसू नका, मावशींच्या चिरंजीवांनी मिरजेला जाताना लावलं होतं.

नमस्कार.